मदत हवी आहे: मॉलची स्वतःची पावडर की नावाजलेली? टॉवेल पापडासारखे झालेत

वाळत_घातलेले_मोजे

मंडळी, प्रश्न किरकोळ आहे, पण त्यावरून घरात दोन तट पडलेत म्हणून इथे टाकतेय.

आम्ही चौघं: मी, नवरा, सासूबाई आणि सहावीतली लेक. राहायला पुण्याच्या पश्चिमेला, हिंजवडीच्या बाजूला. मशीन फ्रंट लोड, आठवड्याला साधारण सहा लोड. दिवाळीपर्यंत एका नावाजलेल्या कंपनीची मॅटिक पावडर आणत होतो. मग एकदा महिन्याचं सामान भरायला गेलो तर मॉलची स्वतःची पावडर, चार किलोची पिशवी ३८० ला. शेजारीच आमची नेहमीची, तेवढीच, ९६० ला. नवऱ्याने पिशवी उचलून ट्रॉलीत टाकलीसुद्धा. म्हणे, "आत सगळं एकच असतं गं, आपण जाहिरातीतल्या चिखलाचे पैसे भरतो."

आता तीन महिने झाले. टॉवेल दोरीवरून काढले की उभे राहतात. लेकीचा शाळेचा पांढरा शर्ट ओट्यावरच्या फडक्याच्या रंगाला येऊ लागलाय. नवऱ्याच्या काळ्या टी-शर्टवर पिठाचे पट्टे. मशीनचा ड्रॉवर ओढला की कोपऱ्यात भिजलेल्या रव्यासारखा गोळा. वासाबद्दल मात्र तक्रार नाही, वास आधीपेक्षा जास्तच येतो.

सासूबाई नवऱ्याच्या बाजूने. त्यांचा संसार निरम्यावर झालाय. त्यांच्या मते तेव्हाही सगळे म्हणायचे की सर्फ तो सर्फ, आणि त्याच्या साधारण चौथाई भावात पिवळ्या पावडरने अख्ख्या चाळीचे कपडे निघत होते. त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

तर, दुकानाच्या ब्रँडमध्ये खरंच काही कमी घालतात का? की मी काही चुकतेय? आणि ही पिशवी अजून अर्धी आहे, तिचं काय करू?

बोअरवेल_बंडू

ताई, पावडर राहू द्या. पाणी कुठलं येतं ते सांगा आधी.

वाळत_घातलेले_मोजे

एरवी अर्धं नळाचं, अर्धं बोअरचं. जानेवारीपासून जवळजवळ सगळं टँकरचं.

...हे टाइप करताना लक्षात आलं. पावडर बदलली आणि पुढच्याच महिन्यात टँकर सुरू झाले. हात् तिच्या.

बोअरवेल_बंडू

मग गुन्हेगार दोन आहेत. एका पारदर्शक बाटलीत अर्धं टँकरचं पाणी घ्या, दुसरीत अर्धं आरओचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखा किस टाकून खळखळ हलवा. आरओच्या बाटलीत फेस होईल. टँकरच्या बाटलीत दह्यासारखी साय आली तर समजा पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं, कठीण आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं आहे. म्हणजे 'पिण्यालायक' पाणीसुद्धा कपड्यांचं वाटोळं करू शकतं.

स्लरीवाला

कपड्यांच्या पावडरीच्या कारखान्यात बरीच वर्षं काढली आहेत म्हणून लिहितो. कुठल्याच कंपनीची बाजू घेत नाही. आमच्यासारखे कारखाने दुसऱ्यांच्या नावाने माल करून देतात, त्यात मोठी नावंही असतात आणि दुकानांचीही. त्यामुळे 'एकाच कारखान्यातून येतं' हे तुमच्या यजमानांचं म्हणणं कधीकधी खरं असतं. 'आत एकच असतं' हे मात्र खरं नाही. स्वयंपाकी एक असला तरी गिऱ्हाईक पैसे देईल तेवढंच तूप पडतं.

पावडरीत खरा मळ काढणारा घटक म्हणजे ॲसिड स्लरीपासून (पेट्रोलियमपासून बनणारं दाट, आम्लधर्मी रसायन) होणारा. तो महाग. त्यानंतर धुण्याचा सोडा, तो स्वस्त. मग सोडियम सल्फेट, ते निव्वळ भरती, वजन वाढवायला आणि पावडर मोकळी राहायला. झिओलाइटसारखे घटक पाण्यातला क्षार पकडून ठेवतात, तेही पैसे खातात. एन्झाइम चिमूटभर असतात पण किंमत त्यांचीच डोळ्यात भरते. प्रथिनांचा डाग, म्हणजे दूध, रक्त, घाम, तोडायला एक, तेला-तुपाला दुसरं, भाताच्या पेजेसारख्या स्टार्चला तिसरं. स्वस्त पावडरीत बहुतेकदा एकच असतं किंवा एकही नसतं. वास आणि निळे-हिरवे दाणे सगळ्यांत स्वस्तात पडतात, म्हणून ते सगळीकडे सढळ. ते दाणे बव्हंशी रंगवलेलं मीठच असतं.

आता तुमच्या टॉवेलचं. सोडा जास्त, क्षार पकडणारा घटक कमी, आणि पाणी टँकरचं. सोडा आणि पाण्यातलं कॅल्शियम एकत्र आलं की खडू तयार होतो. फळ्यावरचा खडू नव्हे, चुनखडीच्या जातीचा. तो धाग्यांत बसतो. टॉवेल ताठ, पांढरा करडा, काळ्यावर पट्टे: तिन्ही तक्रारी एकाच खडूच्या. तीच पावडर मऊ पाण्यात, म्हणजे खडकवासल्याचं पाणी चोवीस तास येतं अशा घरात, बऱ्यापैकी चालली असती.

सासूबाईंना नमस्कार सांगा, त्यांचंही बरोबर आहे. करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये अहमदाबादेत निरमा सुरू केला तो हाताने धुणाऱ्यांसाठी. बादलीत तासभर भिजवायचं, दगडावर आपटायचं, ब्रश मारायचा, तीनदा खळबळायचं. निम्मं काम हात करायचे. फ्रंट लोड मशीन थोड्याशा पाण्यात कपडे नुसते उलटेपालटे करतं. तिथे रसायनालाच राबावं लागतं.

चिंधीचोर

पिशवीवर 'फ्रंट लोड' लिहिलंय का तेवढं बघा.

वाळत_घातलेले_मोजे

'बादली व मशीन दोन्हींसाठी' असं लिहिलंय. मागे 'उत्पादक' म्हणून वेगळ्याच कंपनीचं नाव, 'विपणन' मॉलचं.

चिंधीचोर

म्हणजे बादलीसाठीच. फ्रंट लोडच्या पावडरीत फेस दाबणारं काहीतरी घालतात. फेस जास्त झाला की कपडे एकमेकांवर आपटत नाहीत, गादीवर पडल्यासारखे पडतात. मग मळ निघणार कुठून?

आजोळची_बादली

किमतीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलते. किलोचा भाव बघून फसू नका, लोडचा काढा. घरात वजनकाटा असेल तर दोन्ही पावडरी एकाच वाटीने मोजून बघा. मी पाहिलं तेव्हा एकीची सपाट वाटी ६० ग्रॅम भरली, दुसरीची ८०. आपण चमच्याने घालतो, पैसे वजनाने देतो.

आणि आणखी एक. तुमच्याकडे कामाच्या मावशी हाताने काही धुतात का? सोड्याची पावडर हात सोलते. आमच्या मावशी काही बोलल्या नाहीत, पण एक दिवस चहाचा कप घेताना बोटांच्या पेरांना चिरा दिसल्या. तेव्हापासून बादलीची पावडर मी स्वस्तातली आणत नाही. मशीन बिचारं काय, त्याला कातडी नसते.

टॉवेल सुधारायचे असतील तर बादलीभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड (वाण्याकडे लिंबूसत्त्व म्हणून मिळतं) विरघळवून तासभर बुडवा, मग साध्या पाण्यातून काढा. ब्लीचबरोबर चुकूनही नको, विषारी वायू होतो.

स्लरीवाला

सायट्रिकला अनुमोदन. एक पुरवणी: एन्झाइमवाली भारी पावडर रेशमी आणि लोकरी कपड्यांना लावू नका. रेशीम म्हणजे प्रथिनच, एन्झाइमला दुधाचा डाग आणि साडीचा पदर यांतला फरक कळत नाही.

वाळत_घातलेले_मोजे

दोन आठवड्यांनी परत आलेय, कारण अर्ध्यावर सोडलेल्या धाग्यांचा मला स्वतःलाच राग येतो.

बाटलीचा प्रयोग केला. आरओच्या पाण्यात फेस मानेपर्यंत, टँकरच्या पाण्यात फाटलेलं दूध. लेकीने शाळेत न्यायला फोटो काढून ठेवलाय.

टॉवेल सायट्रिकमध्ये बुडवला तर दहा मिनिटांत पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं. वाळल्यावर टॉवेल खाली पडला तर दुमडून पडला. तीन महिन्यांनी पहिल्यांदा.

मग एका पांढऱ्या सुती पंच्याचे दोन तुकडे केले, दोन्हींवर हळद-तेल आणि चहा सांडला, रात्रभर ठेवले आणि वेगवेगळ्या लोडमध्ये धुतले. पाणी दोन्ही वेळा टँकरचंच. चहा दोन्हींवरून सारखाच फिकटला. हळद दोन्हींवर राहिली, ती शेवटी उन्हानेच गेली. तेलाचा डाग मात्र मॉलच्या पावडरीत तसाच, बोटाला लागत होता. नोटा तपासायचा निळा टॉर्च नवऱ्याच्या ऑफिसातून आणला होता, त्याखाली नावाजलेल्या पावडरीतला तुकडा जास्त चमकला. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे नीळच की. आम्ही वेगळी घालायचो, आता पावडरीतच घालून देतात." नीळ रंग देते आणि पावडरीतलं हे उजळवणारं रसायन उजेडात चमकतं, एवढाच फरक मला सांगता आला.

हिशोबही केला. नावाजलेली ७० ग्रॅममध्ये काम करते, २४० रुपये किलोने लोडला १६ रुपये ८० पैसे. मॉलची टँकरच्या पाण्यात १२० ग्रॅम लागते, ९५ ने ११ रुपये ४० पैसे. दुकानात अडीचपट वाटणारा फरक मशीनपाशी दीडपट होतो. महिन्याच्या सव्वीस लोडना १४० रुपये. त्यातून सायट्रिकचे वजा करायचे राहिलेत, पण ते नवऱ्यासमोर मुद्दाम करणार आहे.

सध्या ठरलंय ते असं. युनिफॉर्म, शर्ट, स्वयंपाकघरातलं तेलकट सगळं नावाजलेल्या पावडरीत. चादरी, पडदे मॉलच्या पावडरीत, पण ज्या दिवशी नळाचं पाणी असेल त्याच दिवशी. सोसायटीच्या ग्रुपवर पाणी कुठलं सोडलंय ते सकाळी येतं, आता मी ते कपड्यांसाठी वाचते.

मावशींचे हात मी काल पाहिले. बादलीसाठी आजच दुसरी पावडर आणली. उरलेली पिशवी गॅलरी आणि पायपुसण्यांना, ब्रशने. नवरा म्हणतो आपण जिंकलो, कारण पिशवी फुकट गेली नाही.