मदत हवी आहे: हँडब्रेक ओढूनही गाडी मागे सरकते, केबल की लायनर?

पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, मागे ड्रम ब्रेक (चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून लायनर, म्हणजे घर्षणाचा थर, दाबून धरतो). जळगावात सपाटीवर काही जाणवत नाही, पण तोरणमाळच्या चढावर हँडब्रेक पार वर ओढला तरी गाडी इंचाइंचाने मागे येते. पायाचा ब्रेक टणक, ब्रेक ऑइलची पातळी बरोबर. गॅरेजवाल्याने केबल ताणली. पकड आली, पण लिव्हर खाली असतानाही मागचं डावं चाक घासायला लागलं, ड्रम इतका तापला की हात लावू देईना. पुन्हा सैल केली. आता तो म्हणतो केबलच बदला. मला हे घाईचं वाटतं, ड्रम अजून उघडलेलाच नाही. तोवर चढाला पहिला गिअर, उताराला रिव्हर्स आणि चाकाला दगड, असं चाललंय. एकच चाक घासतंय म्हणजे केबल अडकतेय की आतला अ‍ॅडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर राखणारा भाग) जाम झालाय, हे केबल बदलण्याआधी कसं ओळखायचं?