मदत हवी आहे: पाचवीचा रिलिजनचा सिलॅबस

नमस्कार मंडळी, लेक यंदा कॅथलिक शाळेत पाचवीत गेलीये, गणित-सायन्सचं टेन्शन नाही पण रिलिजनचा तास असतो आणि आम्ही कॅथलिक नाही त्यामुळे घरी अभ्यास घेताना मीच अडकते. काल चर्चच्या वर्षाचं चक्र रंगवत बसलेली, ॲडव्हेंट (ख्रिसमसच्या आधीचा काळ) आणि लेंट (ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ) जांभळा, ख्रिसमस-ईस्टर पांढरा, पेंटेकॉस्ट (ईस्टरनंतरचा सण) लाल, बाकीचा सामान्य काळ हिरवा, आणि मला विचारते आई दोन्हीकडे जांभळाच का? तयारी आणि पश्चात्तापाचा रंग, एवढं शोधून सांगितलं. आता पुढे सात साक्रामेंट (चर्चचे पवित्र संस्कार) आहेत, बाप्तिस्म्यापासून लग्नापर्यंत, नुसती यादी पाठ करून घ्यायची नाहीये मला, तिला अर्थ कळायला हवा. या वयाच्या मुलांना कुणी शिकवलंय का? कुठून सुरुवात करू? प्लीज सांगा.