मदत हवी आहे: उणे २० मध्ये इलेक्ट्रिक गाडीने कॅलगरी ते एडमंटन

नमस्कार मंडळी. इथे कॅनडात, कॅलगरीत इलेक्ट्रिक गाडीसोबतचा आमचा हा पहिलाच हिवाळा. उन्हाळ्यात एका चार्जवर ४०० किमी आरामात व्हायचे; परवा उणे २२ अंशांत जेमतेम २५० झाले. थंडीत लिथियम बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, शिवाय हीटरही तिच्यावरच चालतो, हे कळतं. पण फास्ट चार्जरला लावूनही बराच वेळ टक्के हलेनात. डॅशबोर्डवर निळं हिमकणाचं चिन्ह, मागे शाल गुंडाळून कुडकुडणारी आई. जीव अगदी कासावीस झाला.

शनिवारी आईला घेऊन एडमंटनला जायचंय, ३०० किमी. वाटेत रेड डियरला चार्ज करावंच का? निघण्याआधी प्लगला लावूनच बॅटरी आणि केबिन गरम केली तर किती फरक पडतो? हीटर कमी ठेवून नुसत्या सीट तापवल्या तर वयस्कर माणसाला पुरेल? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.