अथेन्सहून सुनियनची अर्ध्या दिवसाची गाईडेड ट्रिप : बाबांचा गुडघा, आईला बस लागते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही स्टुटगार्टला राहतो, आईबाबा रत्नागिरीहून दोन महिन्यांसाठी आलेत आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना घेऊन चार दिवस अथेन्सला चाललोय. अॅक्रोपोलिस, म्युझियम वगैरे सगळं ठरलंय, त्याबद्दल जुने धागे वाचले, खूप उपयोग झाला. माझा प्रश्न फक्त एका दुपारचा आहे. सुनियनच्या टोकावरचं पोसायडनचं देऊळ. अथेन्सपासून ७० किलोमीटर, समुद्राकाठच्या रस्त्याने.

आता हे देऊळच का ते सांगते, म्हणजे तुम्हाला सल्ला देताना कळेल की आम्हाला काय हवंय. बाबा बोटीवर होते, इंजिनरूममध्ये ऑइलर. १९८४ साली त्यांची बोट इस्तंबूलहून पिरेअसला, म्हणजे अथेन्सच्या बंदराला, येत होती आणि बाबा चार ते आठचा वॉच (बोटीवरची पाळी) संपवून तेलाच्या हातांनी डेकवर चहा घेऊन आले तर समोर कड्यावर पांढरे खांब. नुसते खांब, वर छप्पर नाही काही नाही. त्यांना वाटलं कुणाचं बांधकाम अर्धवट राहिलंय. मग कुणीतरी सांगितलं की अरे हे अडीच हजार वर्षांपूर्वीचं दर्यादेवाचं देऊळ आहे. पिरेअसला तीन दिवस बोट उभी होती पण नेमकं पिस्टन काढायचं काम निघालं आणि बाबांना गोदीच्या बाहेर पाऊल टाकता आलं नाही. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतेय. नारळी पौर्णिमेला मांडवीच्या किनाऱ्यावर गेलो की दरवर्षी हमखास निघायची. आता ते ७१ वर्षांचे आहेत, उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय, आणि तिकिटं काढली त्या दिवसापासून रोज विचारतात, "तो खांबांचा कडा बघायला मिळेल ना गं?" त्यामुळे ही एक दुपार मला कुठल्याही परिस्थितीत फुकट घालवायची नाहीये.

भीती का वाटते तेही सांगते. मागच्या वर्षी दुसऱ्या एका देशात अशीच हाफ डे टूर घेतली होती, नाव नको, पण साडेचार तासांतला सव्वा तास एका चामड्याच्या दुकानात गेला आणि मूळ जागेवर पंचवीस मिनिटं मिळाली, आई तर बाथरूमच्या रांगेतूनच परत बसमध्ये चढली. तसं पुन्हा नको.

तर प्रश्न असे की मोठ्या बसची टूर घ्यावी का छोट्या व्हॅनची, का सरळ सार्वजनिक बसने जावं? गाईड खरंच देवळाजवळ येऊन माहिती सांगतो का गेटवर सोडून देतो? गेटपासून वर चढ किती आहे, पायऱ्या आहेत का, गुडघेवाल्या माणसाला जमेल का? सकाळची ट्रिप बरी का सूर्यास्ताची? आईला वळणाच्या रस्त्यावर बस लागते, रस्ता आपल्या आंबा घाटासारखा आहे का? आणि शेवटचा, कदाचित तुम्हाला विचित्र वाटेल, पण वरून जहाजं दिसतात का? बाबांना ते सगळ्यात जास्त हवंय.

कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

समुद्रपक्षी

---

खारवारा :

ताई, आम्ही गेल्या मे महिन्यात सासूबाईंना घेऊन गेलो होतो, त्यांचेही गुडघे कामातून गेलेत, म्हणून लिहितो. घाट अजिबात नाही. रस्ता समुद्राला चिकटून जातो, ग्लिफादा, वुलियाग्मेनी, वार्किझा, मग लागोनिसी, अनाविसोस असं करत. वळणं आहेत पण चढउतार फारसा नाही, आईंना पुढच्या सीटवर बसवा आणि गोळी अर्धा तास आधी द्या. आणि जाताना बसच्या उजव्या बाजूला बसा, समुद्र तिकडेच आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही अख्खा रस्ता समोरच्यांच्या डोक्यांवरून समुद्र बघितला.

गेटपाशी कॅफे आहे, बाथरूम आहे, ते आधी उरकून घ्या कारण वर काही नाही. गेटपासून देवळापर्यंत चढ आहे पण छोटा, आम्हाला सासूबाईंबरोबर थांबत थांबत दहा-बारा मिनिटं लागली. त्रास चढाचा नाही, त्रास पायाखालच्या दगडांचा आहे, वाट ओबडधोबड आहे आणि शेवटी खडक गुळगुळीत झालेत. काठी न्याच. चप्पल नको, ग्रिपचे बूट. आणि वारा! टोपी हातात धरावी लागते इतका वारा, बाबांना विंडचीटर घाला.

देवळाच्या आत जाता येत नाही, भोवती दोरी आहे, पण दोरीच्या बाहेरून पूर्ण फेरी मारता येते. सावली शून्य.

---

पानगळ :

मी सहा वर्षं अथेन्समध्ये आहे, नवऱ्याचं ऑफिस पिरेअसला. पाहुणे आले की सुनियनची वारी असतेच, त्यामुळे आता मोजायचं सोडून दिलंय. तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते.

सगळ्यात महत्त्वाचं गाईडचं. ग्रीसमध्ये पुरातत्त्वाच्या जागेच्या आत माहिती सांगायचा अधिकार फक्त लायसन्स असलेल्या गाईडला असतो. छोट्या व्हॅनच्या बऱ्याच टूरमध्ये इंग्लिश बोलणारा ड्रायव्हर असतो, तो रस्त्यात छान गोष्टी सांगतो पण गेटपाशी थांबतो, आत येऊ शकत नाही. यात फसवणूक नाही, नियमच तसा आहे, पण बुकिंगच्या पानावर ते बारीक अक्षरात असतं. तेव्हा बुक करण्याआधी मेल करून दोनच गोष्टी विचार, लायसन्स्ड गाईड आत येणार का आणि देवळावर नक्की किती वेळ देणार. सव्वा ते दीड तास म्हणत असतील तर घे. तासापेक्षा कमी असेल तर सोड. एन्ट्री तिकीट बहुतेक वेळा टूरमध्ये धरलेलं नसतं, तेही विचार. आणि ज्येष्ठांची सवलत फक्त युरोपियन युनियनच्या नागरिकांना आहे, आपल्या आईबाबांना पूर्ण तिकीट पडतं, पासपोर्टवरून वय दाखवून वाद घालण्यात वेळ घालवू नकोस.

सार्वजनिक बस म्हणजे केटीईएल या बस कंपनीची नारिंगी बस, पेडियन आरेओस पार्कजवळून सुटते, समुद्राकाठच्याच रस्त्याने दोन तास घेते. मी एकटी असेन तर तिनेच जाते. पण तुझ्या केसमध्ये नको. थांबे खूप आहेत, दुपारी उभं राहायची वेळ येऊ शकते आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, ती चुकली तर अंधारात त्या टोकावर टॅक्सी शोधत बसायचं, दोन म्हातारी माणसं बरोबर असताना कशाला.

वेळेचं म्हणशील तर ऑक्टोबरच्या मध्याला इथे सूर्यास्त पावणेसातच्या सुमाराला होतो. जुलै-ऑगस्टमधलं ऊन आणि मेल्तेमी वारा तेव्हा नसतो त्यामुळे दुपारची ट्रिप बेस्ट. पण महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि सूर्यास्त एकदम साडेपाचवर येतो, तेव्हा तारीख पुढे ढकललीस तर हे लक्षात ठेव. साइट सूर्यास्तालाच बंद होते, सूर्य टेकला रे टेकला की गार्ड शिट्ट्या वाजवायला लागतात आणि सगळे एकदम उतरायला लागतात. बाबांना त्या गर्दीत उतरवू नकोस. एकतर दहा मिनिटं आधी खाली ये आणि कॅफेच्या बाजूने सूर्यास्त बघ, तिथूनही सुंदर दिसतो, नाहीतर सगळ्यांना पुढे जाऊ दे.

जहाजं दिसतात का? अगं दिसतात म्हणजे काय! कड्यावर साठ मीटर उंचीवर उभं राहून पूर्वेला केआ बेट, त्याच्या अलीकडे लांबुळकं माक्रोनिसोस, पश्चिमेला छोटं पात्रोक्लोस, आणि दक्षिणेकडून पिरेअसला येणारी-जाणारी फेरी, मालवाहू जहाजं, टँकर. तुझे बाबा इस्तंबूलकडून आले म्हणजे पूर्वेकडून वळसा घालून आले असणार. देवळाच्या मागच्या बाजूला कड्याकडे जा, तिथे गर्दी कमी असते, सगळे सूर्याकडे तोंड करून फोटो काढत असतात. दुर्बीण आण.

---

शाळामास्तर :

तुमच्या वडिलांना बांधकाम अर्धवट राहिलंय असं वाटलं हे वाचून बरं वाटलं, कारण खांब इतके पांढरे दिसण्यामागे खरंच कारण आहे. अॅक्रोपोलिसवरच्या पार्थेनॉन देवळाचा संगमरवर पेंटेली डोंगराचा, त्यात लोहाचा अंश असल्यामुळे तो काळाबरोबर मधासारखा पिवळसर झाला. सुनियनचा दगड जवळच्याच आग्रिलेझाच्या खाणीतला, त्यात लोह नाही म्हणून तो पांढराच राहिला. आधीचं देऊळ इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियन सैन्याने उद्ध्वस्त केलं आणि आत्ताचं इ.स.पू. ४४४ ते ४४० च्या सुमाराला, अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या काळात उभं राहिलं. पुढे-मागे सहा आणि बाजूंना तेरा अशी खांबांची रांग होती, अर्धेअधिक पडले. खांबाची उंची ६.१० मीटर. आणि एक बारकावा वडिलांना जरूर दाखवा, खांबावरच्या उभ्या पन्हळी मोजल्या तर सोळा भरतात, एरवी या डोरिक शैलीच्या खांबाला वीस असतात. खाऱ्या वाऱ्याने धारा झिजू नयेत म्हणून कमी ठेवल्या असं सांगतात. लोखंड आणि खारं पाणी यांच्याशी आयुष्यभर झुंजलेल्या माणसाला हे लगेच पटेल.

गोष्ट तर माहीत असेलच. अथेन्सचा राजपुत्र थीसिअस क्रीट बेटावर मिनोटॉरला, म्हणजे अर्ध्या बैल अर्ध्या माणूस अशा राक्षसाला, मारायला गेला तेव्हा बापाशी ठरलं होतं की जिवंत परतलो तर पांढरं शीड लावीन. परतताना विसरला, काळंच राहिलं, आणि वाट बघणाऱ्या बापाने, एजिअस राजाने, ते लांबून पाहून समुद्रात उडी घेतली, तेव्हापासून त्याला एजियन समुद्र म्हणतात. त्याने उडी घेतली ती जागा काहीजण अॅक्रोपोलिस मानतात, काहीजण सुनियन. ते टोक समोर असताना मला तरी सुनियनच खरं वाटतं. कवी बायरनचं नाव एका खांबावर कोरलेलं आहे, गाईड दाखवेल, मला मात्र ते बघून वाईट वाटलं.

अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात याच जागी सापडलेला तीन मीटर उंचीचा कूरोस (उभ्या तरुणाचा पुतळा) आहे, इ.स.पू. ६०० च्या सुमाराचा. जमल्यास ट्रिपच्या आधी तो बघा, मग टोकावर गेल्यावर तो तिथे उभा असल्याची कल्पना करता येते.

---

समुद्रपक्षी :

सगळ्यांचे खूप खूप आभार! पानगळ, तुझे दोन प्रश्न कॉपी करून तीन ठिकाणी मेल केले. एकाने उत्तरच दिलं नाही, एकाने पन्नास मिनिटं म्हटलं, तिसऱ्याने लायसन्स्ड गाईड आणि दीड तास असं स्पष्ट लिहिलं, मिनीबस आहे, दुकानात थांबत नाही. तेच बुक केलंय. काठी आणि विंडचीटर घेतलाय. शाळामास्तर, तुमचं उत्तर बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, शिडाच्या गोष्टीवर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "सिग्नल चुकला की असंच होतं, वॉचवर असलेल्याने विसरायचं नसतं."

---

समुद्रपक्षी :

परत आलोय, म्हणून लिहिते, पुढे कुणी हा धागा शोधत आलं तर उपयोगी पडेल.

उजवीकडे बसलो, आईला काहीही त्रास झाला नाही, वुलियाग्मेनीच्या तळ्यापाशी पाच मिनिटं थांबलो तेवढंच. गाईड बाई साठीच्या होत्या, बाबांची काठी बघून त्यांनी सगळ्या ग्रुपला हळू चालवलं, कुणी कुरकुरलं नाही. वर पोचायला पंधरा मिनिटं लागली. शेवटच्या खडकावर मी एका बाजूने आणि गाईडने दुसऱ्या बाजूने धरलं.

बाबांनी पन्हळी मोजल्या. दोरीच्या बाहेरून समोरचा अर्धा भागच दिसतो, तर तेवढ्या बोट हवेत धरून मोजल्या आणि म्हणाले आठ, म्हणजे बरोबर आहे. मग सगळे सूर्याकडे वळले तेव्हा आम्ही पूर्वेच्या बाजूला गेलो. केआच्या दिशेने एक मालवाहू जहाज येत होतं, निळं, पुरतं भरलेलं, बरंच खाली बसलेलं. बाबांनी दुर्बीण लावली. किती वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, साडेसहा होतायत, म्हणजे चार ते आठचा वॉच चालू असेल, माझ्या जागेवर जो असेल तो आत्ता खाली आहे, त्याला हे काही दिसत नसेल.

आणि त्यांनी काठी माझ्याकडे दिली आणि जहाजाकडे बघून हात हलवला, दोन्ही हात, आमच्याकडे गोदीवरून हलवतात तसा. आई म्हणाली अहो इतक्या लांबून कुणाला दिसणार, तर म्हणाले डेकवर कुणीतरी चहा घेऊन आलेला असतो गं.

शिट्ट्या सुरू झाल्यावर आम्ही सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. उतरताना काळोख पडायला लागला होता, मोबाईलचा टॉर्च लावला, तेव्हा टॉर्च चार्ज करून न्या हे माझ्याकडून अॅड करा.