लँडस्टॉकर: तरंगत्या फळ्यांवर उडी कशी साधायची? मदत हवी आहे

मंडळी, सेगा मेगा ड्राइव्ह या जुन्या गेम कन्सोलवरचा लँडस्टॉकर हा गेम कोणी शेवटपर्यंत खेळलंय का? क्लायमॅक्स कंपनीचा, जपानात 1992 ला आलेला. गेमचा नायक नायजेल आणि फ्रायडे नावाची परी राजा नोलचा खजिना शोधतात, तो.

गोष्ट झकास आहे, संवादही मिश्कील. तळघरांतल्या उड्यांनी मात्र जीव मेटाकुटीला आणलाय. सगळं दृश्य तिरकं, त्यात नायजेलची सावली पडत नाही. त्यामुळे समोर तरंगणारी फळी जवळ पण उंचावर आहे, की खाली पण लांब, हे डोळ्यांना कळतच नाही. दोन्ही पडद्यावर एकाच जागी दिसतात! चुकलं की धप्पकन खालच्या खोलीत, आणि पुन्हा सगळे जिने चढा.

दुसरी अडचण कंट्रोलची. नायजेल चारच तिरक्या दिशांनी चालतो आणि मी लॅपटॉपवर कीबोर्डने खेळतेय. दोन बाण एकत्र दाबताना एक बोट जरा आधी सुटलं की गडी भलतीकडे तोंड करतो.

तर विचारायचं असं, की फळीची खरी उंची ओळखायची काही युक्ती आहे का? उडी मारल्यावर नायजेल फळीच्या पुढे दिसतो की मागे झाकला जातो, यावरून मी अंदाज बांधते, पण फळी हलती असली की तेही फसतं. आणि साधा यूएसबी गेमपॅड घेतला तर तिरकं चालणं सोपं होतं का? कोणता घ्यावा?

सेव्ह स्टेट (कुठल्याही क्षणी खेळ जसाच्या तसा साठवून ठेवायची सोय) वापर, असं कृपया सांगू नका. चर्चमधल्या पाद्रीबाबांकडेच सेव्ह करायचं ठरवलंय. आणि शेवट फोडू नका हं!