सूर्याचं ‘खळं’ म्हणजे इंद्रधनुष्यच का?

प्रश्न (परभणी): काल दुपारी इथं सूर्याभोवती रंगीत कडं दिसलं. गावच्या ग्रुपवर सगळ्यांनी ‘गोल इंद्रधनुष्य’ म्हणून फोटो टाकले. आई म्हणाली, ‘सूर्याला खळं पडलंय.’ खळं म्हणजे ज्वारी मळायची जागा ना? मग आभाळात कुठून आलं? आणि इंद्रधनुष्य म्हटलं तर चुकतं का?

उत्तर (लातूर): ताई, आईंचाच शब्द बरोबर. संस्कृत ‘खल’ म्हणजे मळणीची जागा, त्यावरून आपलं खळं. आमच्या रानात फाल्गुनात जमीन चोपून, शेणानं सारवून गोल खळं करायचे. मधोमध तिवडा, म्हणजे खांब, रोवलेला, त्याभोवती कणसांवरून बैलांची पात फिरायची. आता खळं पडलेल्या चंद्राकडे बघा: चंद्र तिवड्याच्या जागी, भोवती स्वच्छ गोल रिंगण. ज्यानं खळ्यावर रात्र काढली त्यालाच हा शब्द सुचणार!

इंद्रधनुष्य वेगळं. त्याला सूर्य पाठीशी आणि पाऊस समोर लागतो. किरण थेंबात शिरताना वाकतो, आतल्या बाजूवर आपटून परततो, बाहेर पडताना पुन्हा वाकतो. रंग सुटे होतात. आपल्या सावलीच्या डोक्यापासून सुमारे 42 अंशांवर ती कमान दिसते. म्हणून सूर्य 42 अंशांहून वर असेल तर जमिनीवरून आभाळात धनुष्य दिसतच नाही. परतीच्या पावसात संध्याकाळी ते उगवतीला निघतं ते याचमुळे. भरदुपारी सूर्याभोवती दिसलं ते धनुष्य नव्हेच.

खळ्याला थेंब नाही, बर्फ लागतो. खूप उंचावरच्या पातळ ढगांत षटकोनी हिमकण असतात, त्यांतून प्रकाश वाकून 22 अंशांवर कडं उमटतं. तांबडा इथं आतल्या कडेला, धनुष्यात मात्र बाहेरच्या. जुन्यांनीही हे वेगळंच धरलं होतं: प्राचीन ज्योतिषी वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘परिवेष’ (खळं) आणि ‘इंद्रायुध’ (इंद्रधनुष्य) यांचे अध्याय स्वतंत्र आहेत.

आणखी एक (अंबाजोगाई): क्रियापदही बघा. खळं ‘पडतं’, धनुष्य ‘निघतं’. आमच्याकडं कुणी ‘खळं निघालं’ म्हणत नाही.

परभणी: आईला वाचून दाखवलं. तिवडा म्हटल्यावर ती हसली. पण 22 अंश मोजायचे कसे?

लातूर: हात लांब करून वीत ताणा. अंगठा चंद्रावर ठेवला की खळं करंगळीच्या आसपास येतं. सूर्याकडे मात्र असं बघू नका. त्याला आधी भिंतीआड घ्या.