व्यायामाच्या कॅलरी परत खायच्या? मग मेहरूणला चकरा मारल्या कशाला?

मेहरूणकर
परवा इथेच एक पोस्ट वाचली. 'वजन उतरवताना व्यायामात जळालेल्या कॅलरी परत खाल्ल्याच पाहिजेत. घड्याळ ४८० म्हणालं तर ४८० खा, नाहीतर मेटाबॉलिझम बंद पडतो.' खाली वाहवाच वाहवा. मी गप्प बसलो होतो. पण काल आमच्या सकाळच्या टोळक्यातल्या एकाने तीच पोस्ट दाखवत जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठावर दोन प्लेट पोहे आणि वर जिलेबी हाणली. म्हणे, 'जाळल्यात, आता परत खायच्यात.' म्हणून हे लिहितोय.

माझं वजन ८२. तासाला पाच किलोमीटरच्या चालीने तासभर चालतो. या चालीला साडेतीन मेट धरतात. एक मेट म्हणजे नुसतं बसून राहिलं तरी किलोमागे तासाला जळणारी साधारण एक कॅलरी. ८२ गुणिले साडेतीन, झाल्या २८७ कॅलरी. घड्याळ दाखवतं ४८०! बरं, त्या २८७ मधल्या ८२ मी सोफ्यावर पेपर वाचत बसलो असतो तरी जळाल्याच असत्या, आणि त्या दिवसाच्या हिशोबात आधीच धरलेल्या असतात. उरल्या २०५, म्हणजे दोन केळी. यात जिलेबी कुठे बसते?

२०१७ साली स्टॅनफर्डवाल्यांनी मनगटावरची सात यंत्रं तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले. कॅलरीत मात्र त्यातल्या त्यात शहाणं यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. अशा घड्याळावर विसंबून ताट वाढून घ्यायचं?

आणि मेटाबॉलिझम 'बंद' पडतो तो थेट स्मशानात. अमेरिकेत मिनेसोटाला १९४४-४५ मध्ये ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, वर आठवड्याला ३५ किलोमीटर चालवलं. शरीर मंदावलं, हाल झाले, पण वजन जवळपास पाव हिश्श्याने उतरलंच.

मी आठ महिन्यांत ९१ वरून ८२ वर आलो. गरजेपेक्षा रोज ५०० कमी खातो आणि चालण्यातली एक कॅलरी परत खात नाही. बोला आता.

रावेर_केळी
२०५ ची दोनच केळी? ते अमेरिकेच्या तक्त्यातलं केळ दिसतंय. आमच्या बागेतलं एक बघा मग बोला. बाकी चालू द्या. केळीच्या कॅलरी सगळे विचारतात, केळीचा भाव कुणी विचारत नाही.

सातपुडा_सायकल
दादा, राग मानू नका (मानालच), पण तुम्ही करता ते फिरणं आहे. त्याला परत खायला आहेच काय? फिरण्यावरून सगळ्यांसाठी नियम काढू नका.

मी ७५ किलोचा. रविवारी शहाद्याकडून तोरणमाळचा घाट चढतो. तीन तास पायडल, आठ मेटने धरले तर १८००. तुमची ती बसल्या जागेची वजाबाकी केली तरी पावणेसोळाशे. मी दिवसाला १९०० खातो. उरल्या सव्वातीनशे. त्यात मेंदू, काळीज, किडन्या सगळं चालवायचं? हा प्रयोग मी गेल्या श्रावणात करून बसलोय. 'परत खायचं नाही' म्हणून पोटात नुसता काळा चहा. अर्ध्या घाटात डोळ्यापुढे काजवे चमकले, हात थरथरायला लागले, सायकल एकीकडे आणि मी एकीकडे. रस्त्याकडेला कणसं भाजत बसलेल्या पावरा मावशीने एक कणीस आणि गुळाचा खडा हातात दिला. पैसे घेतले नाहीत, वर हसली. तिला मेट समजावून सांगायला हवं होतं का?

मेहरूणकर
एक रविवार घाट चढायचा आणि सहा दिवस त्याच्या नावाने खायचं, असे पण पाहिलेत आम्ही.

सातपुडा_सायकल
माझ्या ताटात डोकावायला आला होता का?

पांझराकाठची
मेहरूणकर काका, तुमचं गणित बरोबर असेल, पण असल्याच गणिताने माझी वाट लागली होती म्हणून लिहिते. वय ३४, वजन ५८. अ‍ॅपने १२०० सांगितले. रोज पांझरेकाठी चालणं आणि झुंबा मिळून साधारण ३५० जायचे. मी काहीही परत खाल्लं नाही, शाबासकी हवी होती ना! तिसऱ्या महिन्यात आंघोळीनंतर मोरीच्या जाळीवर केसांचा पुंजका. चौथ्या महिन्यात पाळी गायब, ती पुढे चार महिने आलीच नाही. सासूबाईंना वाटलं गोड बातमी. घरात पेढ्यांची चर्चा आणि मी एकटी रडतेय.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर मांडून दाखवलं. चरबी सोडून माझं वजन ४० किलोच्या आसपास. १२०० तून ३५० गेले, राहिले ८५०. किलोमागे २१. बायकांच्या बाबतीत हा आकडा ३० च्या खाली फार दिवस राहिला की शरीर आधी पाळीचं दुकान बंद करतं. मेटाबॉलिझम बंद पडत नसेल, पण बाकी बरंच काही बंद पडतं काका. परत खायला लागले, पाळी आली. वजन उतरायचं थांबलं नाही, सावकाश उतरलं.

मेहरूणकर
ताई, तुमचं वाईट वाटलं. पण तुमची चूक १२०० ची होती, परत न खाण्याची नव्हे. आधीच १५५० धरले असते तर परत खायचा प्रश्नच आला नसता.

पांझराकाठची
१२०० अधिक ३५० किती होतात काका?

अमळनेरचा_मास्तर
दोघं एकच गोष्ट दोन बाजूंनी सांगताय. मुळात रोजचा आकडा काढला कसा ते बघा. 'आठवड्यातून पाच दिवस व्यायाम' असं आधीच भरून आकडा काढला असेल तर व्यायाम त्यात आला, परत खाल तर एकच बिल दोनदा वसूल. 'दिवसभर खुर्चीत' असं भरून काढला असेल तर व्यायाम त्यात नाही, मग त्यातलं थोडं तरी परत खायला हवं. घड्याळाचा आकडा मात्र निम्माच धरावा.

आता मेहरूणकर, तुमची वही तपासू. तूट ५००, चालण्याचे २०५, मिळून ७०५. आठ महिने म्हणजे २४० दिवस. झाले १,६९,२००. किलोभर चरबीला ७७०० धरतात. म्हणजे बावीस किलो उतरायला हवे होते. तुमचे उतरले नऊ. नवाचे होतात ६९,३००, दिवसाला २८९. शरीर हलकं झालं की खर्चही कमी होतो, कबूल. पण चारशेच्या वर रोज कुठे गेले? 'एक कॅलरी परत खात नाही' म्हणता, तर मागच्या दाराने कोण खातं?

भुसावळ_फलाट_चार
मास्तरांनी पट्टी काढली 😂

मेहरूणकर
मास्तर, तुम्ही शाळेतही असंच करत असणार, बरोबर उत्तराला 'पायऱ्या कुठे आहेत' म्हणून मार्क कापायचे. माझं खाणं स्वच्छ आहे. सकाळी दोन भाकरी, भाजी, संध्याकाळी एक भाकरी, ताक. रविवारी तेवढं मळ्यात भरीत होतं. आणि भरीत म्हणजे वांगं, शंभर ग्रॅमला पंचवीस कॅलरी!

भुसावळ_फलाट_चार
अरे भो! भरितात फक्त वांगं? आणि तेल कुठे गेलं, तापीत?

रावेर_केळी
आमच्याकडे दहा माणसांच्या भरिताला पाव किलो शेंगदाणा तेल लागतं. त्याखाली केलं तर लोक जेवून जातात पण पुढच्या हिवाळ्यात येत नाहीत.

अमळनेरचा_मास्तर
पाव किलो तेल म्हणजे २२५० कॅलरी. दहांत २२५. घ्या, तुमचं तासाभराचं चालणं नुसत्या तेलात संपलं. शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि कळण्याच्या पुऱ्या अजून मोजल्याच नाहीत.

मेहरूणकर
एका रविवारच्या तेलाने रोजचे चारशे भरत नाहीत, मास्तर. तुमचंच गणित लावा.

पुण्यात_अडकलेला
एवढं तेल लागतच नाही हो. मी इथे दोन चमच्यांत करतो. वांगं गॅसवर भाजायचं, नॉनस्टिकमध्ये कांदा-टोमॅटो परतायचा, छान होतं.

भुसावळ_फलाट_चार
टोमॅटो??

रावेर_केळी
टोमॅटो घातला की ती वांग्याची भाजी झाली. भरीत म्हणू नका.

पुण्यात_अडकलेला
माझी आई यावलची आहे. तीच घालते.

भुसावळ_फलाट_चार
आईला मध्ये आणू नका, हा वांग्याचा प्रश्न आहे. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, ते काय टोमॅटोत बुडवायला? हिरवं पांढरट मोठं वांगं पाहिजे, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं, साल काळी ठिक्कर, आत लोणी. मग हिरवी मिरची, लसूण घालून लाकडी मुसळीने ठेचायचं. मिक्सरवाल्यांनी पण लांब राहावं.

सातपुडा_सायकल
नंदुरबारकडे मिरचीचा हात अजून जड असतो. जळगावचं भरीत आम्हाला गोडच लागतं.

भुसावळ_फलाट_चार
तुम्ही कणीस खा.

पांझराकाठची
आणि तेल म्हणाल तर शेवभाजीत जळगाववाले काय कमी ओततात? आमच्या धुळ्यात निदान रस्सा दिसतो. तुमच्याकडे तर्री बाजूला सारून रस्सा शोधावा लागतो.

रावेर_केळी
तर्रीशिवाय शेवभाजी म्हणजे शेव घातलेलं वरण. हे धुळ्याचं वरण तुम्हालाच लखलाभ.

(इथे तर्रीवर अजून अकरा प्रतिसाद झाले. त्यातले दोन मी उडवलेत. जळगाव-धुळे रस्त्याचे खड्डे आणि तर्री यांचा संबंध नाही. – व्यवस्थापक)

चोपड्याची_लेक
तेल झालं असेल तर जरा मूळ प्रश्नावर या. माझी आई ६२ वर्षांची, अजून कापूस वेचायला जाते. सकाळी सातला ओटी बांधून निघते, दिवसभर वाकून वेचते, संध्याकाळी वजनावर पैसे. तिला कुणी घड्याळ बांधलेलं नाही. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०२० च्या तक्त्यात ५५ किलोच्या बाईला बैठं काम असेल तर १६६० आणि जड कष्ट असतील तर २७२० दिलेत. फरक १०६०, म्हणजे ज्वारीच्या पावणेचार भाकरी. आई वेचणीच्या दिवसांत बरोब्बर तेवढं जास्त खाते, आणि वेचणी संपली की आपोआप कमी. तिला हा तुमचा वाद वाचून दाखवला. म्हणाली, 'भूक लागनी ते खाई ले, नही लागनी ते उठी जाय.' आणि भांडी घासायला गेली.

आणि हो, तलावाला चकरा मारून कॅलरी जाळणाऱ्यांपैकी कुणाला यायचं असेल तर वेचणीला माणसं मिळत नाहीयेत. कॅलरी पण जळतील, किलोमागे पैसे पण मिळतील.

मेहरूणकर
आईला नमस्कार सांगा. पण त्यांची भूक खरं बोलते, ताई. आमची तीस वर्षं खुर्चीत बसलेली भूक खोटारडी आहे. संध्याकाळी टीव्ही लावला की ती लागतेच. तिच्या भरवशावर मी ९१ ला पोचलो होतो.

फैजपूर_फार्मसी
एक गंभीर सूचना, मग भांडा. शुगरच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर 'परत खायचं नाही' हे व्रत स्वतःच्या मनाने धरू नका. आमचे शेजारी संध्याकाळी चालून आले आणि ओट्यावरच घामाघूम होऊन बसले, जीभ जड. साखर घरात होती म्हणून निभावलं. गोळीची वेळ, चालण्याची वेळ, खाणं हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

सातपुडा_सायकल
मास्तरांच्या चारशेचं राहिलंच. सगळंच काही मागच्या दाराने खाल्लं असेल असं नाही. हर्मन पॉन्टझर नावाच्या संशोधकाने टांझानियातल्या हाडझा लोकांचा अभ्यास केलाय, २०१२ चा. शिकार, कंदमुळं, दिवसभर पायपीट, तरी त्यांचा दिवसाचा खर्च शरीराच्या मानाने शहरातल्या माणसाएवढाच निघाला. म्हणजे सकाळी चाललात की शरीर उरलेल्या दिवसात कंजूषपणा करतं. दादा, तुम्ही चालून आल्यावर दुपारी काय करता?

मेहरूणकर
झोपतो. दीड तास. तुम्हाला काय करायचंय?

भुसावळ_फलाट_चार
सापडले चारशेतले थोडे 😂

चोपड्याची_लेक
म्हणजे घड्याळाच्या आकड्यापेक्षा कमी जळतं हे मेहरूणकरांचं खरं, आणि तरी ते परत खाई राहिले हे मास्तरांचं खरं. झालं ना?

मेहरूणकर
झालं नाही. पण काल बायकोने हा धागा वाचला, तो तिला कुणी पाठवला ते मी शोधीनच. तिने तेलाची बरणी काट्यावर ठेवली, स्वयंपाक झाल्यावर परत ठेवली. साधी गिलक्याची भाजी आणि फौजदारी डाळ, चार माणसं. बरणीतून ११० ग्रॅम तेल गेलं. माझ्या वाट्याला साधारण अडीचशे कॅलरी, त्या माझ्या वहीत कधीच नव्हत्या. वहीत 'भाजी, एक वाटी' एवढंच. मास्तर, मार्क घ्या आणि खूश व्हा.

तरी माझं म्हणणं कायम. जो माणूस तेल मोजत नाही, त्याने घड्याळाचं ऐकून अजून खाऊ नये. सायकलवाल्याने खावं. पांझरेच्या ताईंनी तर खावंच, ते मी मान्य करतो, पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. जिलेबीवाल्याने खाऊ नये.

पांझराकाठची
काका, मान्य केलंत? स्क्रीनशॉट घेऊन ठेवते.

रावेर_केळी
येत्या रविवारी मळ्यात भरीत आहे. वांगी आली आहेत, काड्या वाळल्या आहेत. येणाऱ्यांनी नावं लिहा. तेल पाव किलोच पडणार, काटा आणायचा नाही.

मेहरूणकर
एक.

पुण्यात_अडकलेला
मी पण येतोय, शनिवारी रात्रीच्या गाडीने. टोमॅटो आणत नाही.